कॅपिटल रिपेअरचा उन्हाळा

इतर गावांना तीन ऋतू असतात. आमच्या भिलाईला चौथा आहे, त्याचं नाव कॅपिटल रिपेअर. पोलाद कारखान्यातली एखादी मिल काही आठवड्यांसाठी पूर्ण बंद करायची, तिचं पोट उघडायचं, झिजलेलं काढायचं, नवं बसवायचं आणि ठरल्या दिवशी पुन्हा सुरू करायची. हे सगळं बहुतेक वेळा भर उन्हाळ्यात, म्हणजे नेमकं लग्नसराईत येतं. मग रजा रद्द होतात, सख्ख्या मेहुण्याच्या लग्नातही माणूस अक्षतांपुरता दिसतो आणि बायकांची बोलणी महिनाभर पुरतात. काल शेजारचा तरुण इंजिनीयर फाटकाशी भेटला. डोळे लाल, बुटांवर ग्रीस. म्हणाला, "अंकल, शटडाउन लग गया. अब महीना भर शक्ल नहीं दिखेगी." मी हसलो, काळजी घे म्हणालो. घरात आलो तेव्हा शैला, माझी बायको, विचारत होती की चेहरा का असा उतरला. मी उन्हावर ढकललं.

आता मी नेहरू नगरात राहतो. मागे हायवेचे ट्रक, पुढे कोचिंग क्लासला जाणाऱ्या पोरापोरींच्या सायकली. दुपारी दोन ते चार या वेळात मात्र सगळं गप्प होतं. खिडकीत कूलर घरघरतो, वाळ्याच्या जाळीतून पाणी ठिबकत राहतं आणि निवृत्त माणसाला जे टाळायचं असतं ते नेमकं तेव्हाच समोर येऊन बसतं. माझ्या बाबतीत ते नव्वदीच्या सुरुवातीचा एक उन्हाळा असतं. तेव्हा राज्य वेगळं झालं नव्हतं, भिलाई मध्य प्रदेशातच होती. हुकूम भोपाळचे नाहीतर दिल्लीचे असायचे, ऊन तेवढं आमचं होतं.

आमची इलेक्ट्रॉनिक्सची लॅब म्हणजे एक लांबट खोली. एअर कंडिशनर होता, पण तो आमच्यासाठी नव्हे, कॉम्प्युटरसाठी. कॉम्प्युटरला घाम येऊ नये म्हणून आम्हालाही गारवा मिळायचा. खोलीत सोल्डरिंगच्या राळेचा गोडसर धूर असायचा. बाहेरून येणाऱ्याला तो खोकला आणायचा, आम्हाला तो आला नाही तर चुकल्यासारखं वाटायचं. त्या धुरामागे बसलेला माणूस म्हणजे दौलतभाऊ. साकोलीकडच्या धानकऱ्याचा मुलगा, कारखान्यात खलाशी, म्हणजे मदतनीस म्हणून लागला आणि बघत बघत टेक्निशियन झाला. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. शाळा आठवीपर्यंत, पण हात असा की त्यानं जोडलेले सांधे भिंगाखाली पाहावेत, सगळे सारखे, चकचकीत, पाऱ्याच्या थेंबासारखे. आपल्या प्रत्येक बोर्डाच्या कोपऱ्यावर तो लाल रंगाचा बारीक ठिपका द्यायचा. "कोनी केलं ते समजाले पाहिजे ना, साहेब," म्हणायचा. संध्याकाळी कारखान्याच्या वसाहतीतले, आमच्या सेक्टरातले अर्धे रेडिओ त्याच्या ओसरीवर दुरुस्तीला यायचे. पैसे घेत नसे, पण दुरुस्त झालेला रेडिओ मालकासमोर एक गाणं पूर्ण वाजवल्याशिवाय परत देत नसे.

त्या वर्षीच्या कॅपिटल रिपेअरमध्ये मिलच्या कात्रीला नवा मेंदू द्यायचा होता. लाल तापलेली सळी रोलरांवरून धावत येते, ती कुठवर पोचली ते पाहून कात्रीला 'आता काप' असं सांगायचं, एवढंच काम. आतापर्यंत ते एका भिंतभर रिले पॅनेलकडून होत होतं. आता ते आमच्याच लॅबमध्ये केलेल्या, हातभर लांबीच्या दोन बोर्डांवर यायचं होतं. एक बोर्ड सळीवर नजर ठेवणार, दुसरा कात्री चालवणार, आणि दोघं एका तारेवरून एकमेकांशी बोलणार. वरची ऑपरेटिंग सिस्टिम विकत आणली होती, फ्लॉपींच्या एका डब्यात ती आली. पण तिला आमचा बोर्ड ओळखू यायला हवा होता. तो ओळखू यावा म्हणून जे लिहायचं त्याला बोर्ड सपोर्ट पॅकेज म्हणतात, आणि ते लिहायचं काम माझ्याकडे आलं.

हे काम काय असतं ते मी शैलाला तेव्हा असं समजावलं होतं: सेक्टरातल्या क्वार्टरचा ताबा घेताना जुना राहणारा नव्याला हिंडवून दाखवतो ना, मेन स्विच इथं, मोरीचा नळ उलटा फिरतो, मागच्या खोलीतल्या बटणाला हात लावू नका, तसंच. ऑपरेटिंग सिस्टिम कितीही हुशार असली तरी परक्या घरात ती आंधळीच. मेमरी कुठून सुरू होते, घड्याळाचा ठोका कोणत्या चिपकडून येतो, तारेवर अक्षर पाठवायचं तर कोणत्या दारावर टकटक करायची, हे सगळं तिला आधी कोणीतरी सांगून ठेवावं लागतं. शैला म्हणाली, "म्हंजे तुमी घर दाखवून राहिले. राहनार दुसराच." अगदी खरं होतं. नीट दाखवलंत तर तुमची आठवण कुणाला येत नाही. चुकीचं दाखवलंत तर आठवणीशिवाय दुसरं काही उरत नाही.

मार्च-एप्रिल त्यात गेला. बोर्डाला वीज दिली की काहीच होत नाही, असे पंधरा दिवस गेले. 'काहीच होत नाही' यासारखी छळवणूक नाही. चूक सापडायला निदान काहीतरी चुकीचं घडावं लागतं. मी प्रोग्राम बदलायचा, मेमरीची चिप निळ्या दिव्याखाली वीस मिनिटं ठेवून पुसायची, पुन्हा भरायची, सॉकेटात बसवायची आणि पडद्याकडे बघत राहायचं. दौलतभाऊ शेजारी स्टुलावर बसून बघायचा. त्याला माझ्या ओळींतलं काही कळत नव्हतं, मला त्याच्या हातातलं काही येत नव्हतं. तरी आमचं चांगलं जमलं होतं. एका दुपारी काळ्या पडद्यावर एकच अक्षर उमटलं. कोणतं ते महत्त्वाचं नाही, मी जे पाठवलं होतं तेच उमटलं. दौलतभाऊ उठला, बाहेर गेला आणि तासाभरानं पावर हाउसच्या बाजारातून गरम जिलबी घेऊन आला. "लेकरू बोललं," एवढंच म्हणाला. चिकट बोटांनी आम्ही कीबोर्डला हात लावला नाही, त्या दिवशी काम तिथंच थांबवलं.

मग माझी हाव सुरू झाली. सिस्टिम चालत होती, पण मला ती संथ वाटत होती. सळी जोरात आली तर हिशेब मागे पडेल अशी भीती होती. मी म्हटलं, क्रिस्टल बदलू. क्रिस्टल म्हणजे बोर्डाची नाडी. ती वेगानं चालली की सगळंच वेगानं चालतं. दौलतभाऊनं नवा क्रिस्टल हातात घेतला, उलटसुलट पाहिला.

"साहेब, बाकीच्या चिपा तेवढ्या पळतीन का?"

"पळतील. ते माझ्यावर सोडा. मी डेटा बुक पाहिलंय."

प्रोसेसरचं पान मी पाहिलं होतं. मेमरीचंही पाहिलं होतं. तारेवर बोलणाऱ्या चिपचं पान मी उघडलंही नव्हतं, कारण ती तर चालत होती. त्यानं मान हलवली आणि क्रिस्टल बदलला. लॅबच्या गारव्यात बोर्ड दोनशे वेळा बंद-चालू केला, दोनशे वेळा नीट उठला. माझी कॉलर ताठ झाली.

मिल सुरू झाली ती मेच्या शेवटी. बोर्ड बसवलेल्या केबिनमध्ये पंखा गरम वारा ढकलत होता, पॅनेलच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. मोठे साहेब, म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख, हेल्मेट घालून उभे. पहिल्या सळ्या व्यवस्थित कापल्या गेल्या, टाळ्या झाल्या. दुपारी वीज क्षणभर गेली आणि आली. बोर्ड पुन्हा उठले, पण एकमेकांशी बोलेनात. सळी आली, कात्रीला कळलंच नाही. ती पुढे जाऊन अडकली आणि मागून येणारं लाल लोखंड रोलरांवरून उसळून वेटोळं घालत वर चढलं. कुणाला इजा झाली नाही हे नशीब. पण तो गुंता थंड करून, गॅसनं कापून बाहेर काढेपर्यंत मिल उभी राहिली, आणि सगळ्यांच्या नजरा आमच्या दोन बोर्डांवर.

आमच्या धंद्यात अशा वेळी एक ठरलेलं वाक्य असतं. सॉफ्टवेअरवाला म्हणतो हार्डवेअर, हार्डवेअरवाला म्हणतो सॉफ्टवेअर. मी ते वाक्य आधी बोललो. "लॅबमध्ये दोनशे वेळा चाललंय, सर. हार्डवेअर वाटतंय." त्या क्षणी मला ते खरंच वाटत होतं, हे मी स्वतःच्या बाजूनं नोंदवतो. तेवढं एकच माझ्या बाजूचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये बोर्ड टेबलावर ठेवला. दौलतभाऊ भिंग घेऊन एकेक सांधा पाहत गेला. मोठे साहेब मागे हात बांधून उभे. अर्ध्या तासानं त्याचं बोट थांबलं. एक सांधा बाकीच्यांसारखा चकचकीत नव्हता, किंचित करडा होता. असा सांधा वरून जोडलेला दिसतो आणि गरमीत सुटू शकतो, त्याला ड्राय सोल्डर म्हणतात. सुटतोच असं नाही. शंभरातले कितीतरी करडे सांधे जन्मभर टिकतात. पण दौलतभाऊनं कोपऱ्यावरचा लाल ठिपका पाहिला आणि म्हणाला, "हा माहाच आहे, साहेब." कुणी विचारायच्या आधी म्हणाला. लपवायची त्याला सवयच नव्हती.

"ड्राय सोल्डर," मोठे साहेब म्हणाले. "इतनी सी बात के लिए मिल बंद." दौलतभाऊनं तो सांधा पुन्हा केला, मग त्या बोर्डावरचा प्रत्येक सांधा पुन्हा केला, मग दुसऱ्याही बोर्डावरचा. जेवायला उठला नाही.

त्या रविवारी दुपारी मी घरी होतो. शैला खाली बसून लोणच्यासाठी कैऱ्या फोडत होती, अडकित्त्याचा खट खट आवाज येत होता. मी उगाच डेटा बुक चाळत होतो. खरं तर उगाच नव्हे. लॅबमध्ये तो बोर्ड सांध्यासकट चालला होता, मग मिलमध्ये का नाही, हे मनातून जात नव्हतं. तारेवर बोलणाऱ्या चिपचं पान काढलं. तळाशी बारीक अक्षरांत एक टीप होती. या चिपला एक गोष्ट सांगितली की दुसरी सांगण्याआधी थोडा वेळ थांबावं लागतं, नाहीतर दुसरी गोष्ट ती ऐकत नाही. जुन्या क्रिस्टलवर प्रोसेसरच संथ होता, तेवढा वेळ आपोआप जात होता. नव्या क्रिस्टलवर तो जेमतेम पुरत होता. आणि उकाड्यात चिप आणखी मंदावते. मी वर्तमानपत्राच्या समासात आकडे मांडले. पुन्हा मांडले. गारव्यात पुरतं, केबिनमधल्या उन्हाळ्यात पुरत नाही. सुरुवातीला चिपला लागोपाठ दोन गोष्टी सांगणाऱ्या ज्या दोन ओळी होत्या, त्या माझ्या होत्या.

शैलानं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाई."

सोमवारी मी लवकर गेलो. त्या दोन ओळींच्या मध्ये आणखी दोन ओळी घातल्या. त्या काहीच करत नाहीत, फक्त थांबतात. चिप पुसली, भरली. दौलतभाऊनं नव्यानं जोडलेल्या बोर्डात मी ती बसवली आणि बोर्ड मिलमध्ये नेला. त्यानंतर तो बोर्ड कधी अडला नाही. सगळ्यांना वाटलं सांधे नीट झाले. मला माझ्या प्रत्येक ओळीसमोर ती कशासाठी आहे हे लिहून ठेवायची शिस्त होती, त्याबद्दल माझं कौतुक व्हायचं. त्या दोन ओळींसमोर मी काही लिहिलं नाही.

का नाही बोललो? मी स्वतःला पुष्कळ उत्तरं दिली आहेत. नवं ऑटोमेशन केंद्र उघडणार होतं, त्याच्या प्रमुखपदासाठी माझं नाव चाललं होतं. मिल सुरू झाली होती, मग उकरून काय मिळणार. दौलतभाऊला कोण फाशी देणार आहे. ही सगळी उत्तरं खरी आहेत आणि एकही पुरत नाही. खरं एवढंच की मला त्या उन्हाळ्यात मोठं व्हायचं होतं आणि मूग गिळून बसणं सोपं होतं. जूनमध्ये मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर दौलतभाऊच्या बदलीचा कागद होता, अहिवाऱ्याकडच्या चुनखडीच्या खाणीवर. शिक्षा नाही म्हणाले, रोटेशन. मग चष्मा काढून विचारलं, "आपका क्या कहना है?"

मी म्हणालो, "सर, हाथ अच्छा है उसका, मगर..."

ते थांबले, मी पुढे बोललो नाही. त्यांनी मान हलवली आणि सही केली. आयुष्यात मी भाषणं दिली, अहवाल लिहिले, शेकडो पानं प्रोग्राम लिहिले. त्या 'मगर'इतकं नेमकं काम माझ्या दुसऱ्या कोणत्याच शब्दानं केलेलं नाही.

निघताना दौलतभाऊ लॅबमध्ये आला. त्याला माझा राग नव्हता, मोठ्या साहेबांचाही नव्हता. "तुमचं नाव खराब झालं माह्यामुळं," म्हणाला. मी म्हटलं, असं काही नाही. तेवढं तरी खोटं बोललो नाही.

तो बोर्ड केव्हाच भंगारात गेला. त्याच्या जागी आलेलाही गेला असेल. फ्लॉपी वाचणारं यंत्र आता शोधून सापडणार नाही. म्हणजे ती चूक जगात कुठेच शिल्लक नाही, माझ्याखेरीज. मला पद मिळालं, मग आणखी वरचं मिळालं. नव्या मुलांना मी शिकवायचो तेव्हा चिपांना दम घेऊ द्यायला विसरू नका, असं पहिल्या दिवशी सांगायचो. कुणी विचारलं नाही की सर, तुम्हाला हे कसं कळलं. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, याची तयारी मात्र मी दर वर्षी करायचो.

त्या बदलीनंतर पाच उन्हाळ्यांनी मी दौलतभाऊकडे गेलो. आमच्याच लॅबमधल्या एकानं सहज सांगितलं की दौलतभाऊ खाणीवर स्टोअरमध्ये आहे, हत्यारं देतो-घेतो. मी म्हटलं, स्टोअरमध्ये? तो म्हणाला, हातात सोल्डरिंगची इस्त्री घ्यायला तयारच नाही. त्या रात्री मी कपाटातून त्या प्रोग्रामचा छापील कागद काढला आणि सकाळी स्कूटर अहिवाऱ्याच्या रस्त्याला लावली.

खाणीच्या बाजूला झाडांची पानंसुद्धा पांढरी झालेली असतात. माझ्या चष्म्यावर, बाहीवर चुन्याची धूळ बसली होती. दौलतभाऊला मला ओळखायला क्षणभर लागला, मग घाईघाईनं खाट झटकली. वहिनींनी पन्हं आणलं. ओसरी नीटनेटकी होती. एकही रेडिओ नव्हता.

"आता रेडिओ नाही येत का कुणाचे?" मी विचारलं.

उत्तर वहिनींनी दिलं. "येतात ना. हे वापस करतात. म्हनतात, माहा हात खोटा पडला, दुसरीकडं न्या. मी सांगून सांगून थकली, भाऊजी. एका सांध्यासाठी मानूस एवढं मनाले लावून घेते का?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. क्रिस्टल, चिप, डेटा बुकाच्या तळाची टीप, कैऱ्या फोडायचा रविवार, दोन ओळी, मोठ्या साहेबांची केबिन. कागद उलगडला, बोट ठेवून दाखवलं, की हे बघा, इथं मी नंतर घातलं, तुमच्या सांध्याचा दोष नव्हता, माझा होता. दौलतभाऊ कागदाकडे बघत राहिला. इंग्रजी अक्षरं, आकडे, रांगा. मी जो पुरावा नेला होता तो त्या घरात फक्त मलाच वाचता येत होता.

त्यानं कागदाची घडी जशीच्या तशी केली आणि माझ्या हातात दिली.

"साहेब, हे मले काय समजते. पन तो सांधा मी आपल्या डोयानं पाह्यला. करडा होता." मग समजूत घालावी तशा आवाजात, "तुमी कावून आपल्या अंगावर घेऊन राहिले?"

"दौलतभाऊ, मी खरं सांगतोय."

"मले माहीत आहे तुमी कावून आले ते. कोनी सांगितलं असंल तुमाले, का दौलत इस्त्री नाई धरत. म्हनून आले." त्याचे डोळे भरले होते. "एवढ्या उन्हात, एवढं लांब. कोनता साहेब येते?"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. "आयका आता तरी," त्या नवऱ्याला म्हणाल्या, पण त्यांनाही ते खरं वाटलेलं नव्हतं. चांगल्या माणसाचं चांगलं खोटं, असंच त्या दोघांनी ते ठेवून घेतलं होतं. मी पुन्हा तोंड उघडलं, पण पाच वर्षांत मी तयार केलेलं सगळं बोलून झालं होतं.

तो मला फाटकापर्यंत सोडायला आला. समोरच्या घरातला म्हातारा दारात उभा होता. दौलतभाऊनं त्याला अभिमानानं सांगितलं, "हे आमचे साहेब. माही चूक आपल्यावर घ्याले आले." म्हातारा दोन पावलं पुढे आला, माझ्याकडे पाहून त्यानं हात जोडले. मी तेव्हाही बोलू शकलो असतो. मी तो नमस्कार घेतला आणि स्कूटरला किक मारली.